बाजू अ

फोर्टमधल्या त्या इमारतीत
आधी चपलांचा आवाज पोचतो, मग माणूस.
खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं,
विषय कोणता?
म्हटलं, आई.

त्यांनी चष्मा वर सरकवला.
तसा विषय यादीत नाही, म्हणाल्या.
यादीत होतं:
वारली. स्त्री. वय अंदाजे चाळीस.
आरे, पाडा. कंद व औषधी, बाजू अ.
नावाच्या जागी आडवी रेघ.
त्या रेघेचं नाव चैती रुपजी हडळ,
पण ते मी नंतर सांगितलं.

नातं सिद्ध करा, म्हणाल्या.
आधार दाखवलं, रेशनकार्ड दाखवलं,
आईचा मृत्यूचा दाखला,
विजेचं बिलही, जे कुणी मागितलं नव्हतं.
मालकी संस्थेची आहे बरं का.
वीस मिनिटं ऐका. मोबाइल इथे ठेवा.
सही इथे, आणि इथे.

हेडफोन मोठे होते, कानांना गार लागले.
आधी कोंबडी.
मग भोकाड पसरून रडणारं एक पोर,
आणि लक्षात आलं, ही मी.
म्हणजे माझं रडणंही संस्थेचं.

मग ती.
कडू कंद किती पातळ चिरायचा,
रात्रभर टोपली वाहत्या पाण्यात कशी अडकवायची,
सगळं मोकळेपणी सांगत होती,
मध्येच हसत,
साहेबांना चहात साखर पुरे का विचारत.
साहेब म्हणाले,
आणि बाळंतिणीला देता ती मुळी?
ती कुठे सापडते?

आई खाकरली.

मी खुर्चीत ताठ झाले.
ते खाकरणं मला पाठ आहे.
मोळी कुठून आणलीस,
असं फॉरेस्टच्या गार्डाने दारात विचारलं की
अगदी असंच, घशात काही नसताना.

"टेकडीच्या पल्याड," आई म्हणाली,
"उन्हाच्या अंगाला."

कागद सळसळला. साहेब लिहून घेत होते.

मुळी आमच्या घरामागे, ओहोळाला लागून,
दिवसभर सावलीत.
माझ्या दोन्ही खेपांना तिनेच खणून आणली,
पाट्यावर वाटली,
आणि जागा दाखवली ती थोरलीच्या वेळी,
बोट न दाखवता,
नुसतं तिकडे बघून.

निघताना बाईंनी फॉर्म पुढे केला.
रेघेवर आईचं नाव लिहिलं, दोनदा गिरवलं.
खाली चौकट होती:
नोंदीत काही चूक आढळली का?

पेन टेकवलं.
घसा खाकरला.
लिहिलं, नाही.