बटण

आमच्या गावात धुराडी साफ करणारा रस्त्यात दिसला
की लोक पटकन कोटाचं बटण धरतात.
शुभ असतं म्हणे.
छत्तीस वर्षं मी लोकांचं नशीब होऊन हिंडतोय,
खांद्यावर दोरी, ब्रश, लोखंडी गोळा
आणि नाकात सायलेशियाचे सगळे हिवाळे.

परवा नगरपालिकेच्या दारावर पितळी पाटी बसली:
निर्धूर गाव. खाली महापौर रोमुआल्ड यांचं नाव.
टाळ्या वाजत होत्या.
मी मोजत होतो, पाटीवर कोण कोण नाही.

उर्शुला नाही.
तिच्या पोराचा श्वास रात्री शिट्टीसारखा वाजायचा.
तिने बाल्कनीत हवा मोजणारी डबी टांगली
आणि रोजचा आकडा खडूने लिहू लागली
बेकरीसमोरच्या फरशीवर.
बेकरीवाल्याने दोनदा पुसला.
तिसऱ्यांदा तिचा खडू संपला,
तर त्यानेच मूठभर पीठ पुढे केलं.

गेरार्ड प्लंबर नाही.
पहिला हीट पंप त्याने सासूच्या घरी बसवला;
म्हणाला, बिघडला तर शिव्या घरातल्या घरात.
फेब्रुवारीत सासू बिनस्वेटरची खिडकीत बसली,
आणि सगळी आळी साखर मागायच्या निमित्ताने
ते बघून गेली.
त्या एका खिडकीने जे केलं
ते सरकारच्या चौदा पत्रकांना जमलं नव्हतं.

पत्रकंही लागलीच, खोटं कशाला बोलू?
कायदा नसता तर व्यापारी तेओदोर
अजून ओला चुरा विकत असता.
दोन वर्षं कोर्टात भांडला,
मग एका रात्रीत दुकानाची पाटी बदलली.
आता म्हणतो, मी पहिल्यापासून हेच सांगत होतो!

बँकेतली जाड चष्म्याची झोफिया
रविवारी चर्चमागच्या खोलीत बसून
म्हाताऱ्यांचे अनुदानाचे अर्ज भरायची.
अकरा पानी अर्ज.
क्रांती म्हणजे बहुतेक
अकराव्या पानावर सही कुठे करायची
ते दाखवणारं बोट.

आणि मी?
घरोघरी मातीच्या चुली असतील,
पण प्रत्येक चुलीची काजळी वेगळी चुगली करते.
बाई, तुम्ही बूट जाळलात, मी सांगायचो.
साहेब, हा खिडकीचा रंगवलेला चौकट-तुकडा.
सांगत गेलो, आणि माझं एकेक घर कमी होत गेलं.
बसलेली फांदी तोडणारा मूर्ख, असं शाळेत शिकलो.
फांदीच कुजली असेल तर काय,
तो धडा पुस्तकात नव्हता.

अलॉयझला मात्र कुणी वळवू शकलं नाही.
एकतीस वर्षं खाणीत, पेन्शनसोबत फुकट कोळसा.
"उगाळावा तितका काळाच ना?" तो म्हणाला.
"मी उगाळला. तीन मुली शिकल्या त्यातून."
मी टोपी काढून हातात धरली.
अंगणातला ढीग तो रोज झाडायचा,
कडा सरळ रेषेत.
त्याला कुणी हरवलं नाही.
एका ऑक्टोबरात खाणीची गाडी यायची थांबली, एवढंच.
पाकीट आलं, आत पैसे.
त्याने ते आठवडाभर उघडलं नाही.

आता टेकडीवरून लांबचं दिसतं.
वीज केंद्राची चिमणीही दिसते,
आमच्या सगळ्या चिमण्या मिळून एक.
पंप विजेवर, वीज अजून बरीचशी कोळशावर.
आणि हिल्डा बिलाच्या धास्तीने पंप बंद ठेवून
तीन दुलयांत बसते.
निर्धूर आहे तीही.

काल तिच्या छपरावर चढलो.
चिमणीत चिमणीने घर केलं होतं, पिसं, सुतळी,
कुणाच्या तरी अर्जाचा कोपरा.
ब्रश मागे घेतला.
खाली उर्शुलाचा पोरगा उभा, मिसरूड फुटलेला,
मला बघून घाईघाईने छातीवर चाचपडत.
जॅकेटला बटणच नव्हतं.
त्याने चेन धरली.