पत्र्याचा पावा

संक्रांत उलटून दहा दिवस. होम मैदानावर
गड्डा विरळ होत चाललेला.
आकाशपाळण्याच्या जनरेटरमागे दस्तगीरचं दुकान,
म्हणजे एक सायकल, कॅरिअरला उभा बांबू,
बांबूला भोकं, भोकाभोकात पावे
साळिंदरासारखे.
"साठला एक. कुठलाबी घ्या की, सगळे सारखेच."

सारखे नव्हते.
जनरेटरच्या घूं-घूंशी ताडून बघत होते मी,
पहिल्याचा सा बसका,
दुसऱ्याचा ग चढा, चिमटा काढल्यासारखा.
तिसरा हळू फुंकला तर शहाणा,
जोर लावला की वरचा सा
पायरी चुकून अर्ध्यातच.
पाचवा, सहावा, सातवा.
दस्तगीर म्हणाला, "बाई,
पावा बघताय का जावई?"

नाना बाजूला उभे. त्यांना विचारायचं
माझ्या मनातही आलं नाही.
अडतीस वर्षं यंत्रमागांत गेलेले कान,
आधी चिमण्या गेल्या,
मग कुकरची शिट्टी,
मग पावनीचं, नातीचं, "ताता" म्हणणं.

त्यांनी एक पावा उपसला. फुंकला नाही.
धोतराच्या सोग्यानं पुसला
आणि स्वेटरच्या आत, काखेत धरून
पाळण्याकडे बघत राहिले, ताप मोजत असल्यासारखे.
"थंडीत सूतबी तुटतंय," म्हणाले, जरा मोठ्यानंच.
"गार पत्र्याला काय विचारतीस?"

पाळण्याच्या दोन फेऱ्या झाल्या.
मग दिला माझ्या हातात, कोमट.
सहाही भोकं मिटून फुंकला,
सा आला आणि जागेवर बसला,
पाटावर बसावं तसा.
जोर लावला. वरचाही आला, सरळ.
मी पुन्हा पुन्हा वाजवत होते
आणि नानांचं बोट नळीच्या टोकाशी,
ताण्यावर ठेवायचे तसं, हलकं,
तुटका धागा डोळ्यांआधी कळायचा ते बोट.
"कापत न्हाई," म्हणाले. "घे."

खरं सांगायचं तर ग अजून केसभर चढाच होता.
त्या भोकाला मेण लावेन थोडं.
आधीचे सात मी उगाच नापास केले का,
हे दस्तगीरला विचारलं नाही,
साठ दिले, सुटे.

साखर पेठेपर्यंत रिक्षात
नाना एक हात आवळून बसले होते.
दुखतंय का, खुणेनं विचारलं.
स्वेटर जरासा उचलून दाखवला त्यांनी :
घरी जाईस्तोवर
उतरायला नको.