अर्धी किल्ली

उजवीकडचं स्टिअरिंग डावीकडे आणलं,
जुन्या जागी भोक राहिलं; सेवेरोनं त्यात
लोकरीचा बोळा कोंबला, वारा येतो म्हणून.
दारावर जपानी अक्षरं. धोबीखाना असेल, शाळा असेल.
आम्ही पुसली नाहीत.

चार लाख किलोमीटर. एल आल्तोच्या स्टँडवर सगळे सांगतात,
टोयोटा ना? तेल बदल, बाकी विसर.
एक जण तर म्हणाला, बायकोपेक्षा...
आणि मला बघून थांबला.

ही कंपनी आधी माग बनवायची, गॅरेजवाला फाउस्तिनो म्हणाला.
असा माग, की एक धागा तुटला
तर आपला आपण थांबायचा.
मी विणकरीण. मला लगेच कळलं.
तुटका धागा तसाच पुढे गेला
की सगळं कापड खोटं.

सेवेरोला पुरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी
काचेवर बर्फाची साय. लेकानं किल्ली फिरवली.
अर्ध्या किल्लीत सुरू.
एकदासुद्धा खोकली नाही, मेली.

चांगली गाडी आहे, आई.
चांगलीच आहे.
मी शेजारी बसले, बोळा उपसून
मुठीत धरला,
आणि खाली शहर दिसेपर्यंत
वारा येऊ दिला.