पाण्यात जातं ते

शनिवारी मागाचा हिशेब मिळाला.
गॅसचे, भिशीचे, पोरीच्या क्लासचे बाजूला काढले,
पर्सच्या चेनच्या कप्प्यात उरले
चारशे साठ.

वडगावातून चालत गेले.
खडेबाजाराच्या मागल्या बोळात दस्तगीर किल्लेदारचं दुकान:
पाटी कन्नडात, उधारीची वही मराठीत,
राग आला की उर्दू.

"मालकांसाठी काय ओ?"
"माझ्यासाठी."
तो जरा थांबला,
मग स्टुलावरचं मांजर हाकलून स्टूल पुढं सरकवलं.

भिंतीवर एक लाल रीळ. सोळाशेचं.
हँडल फिरवून बघितलं:
आमच्या कांडीयंत्राचाच आवाज,
फक्त ह्याला कुणीतरी वेळेवर तेल पाजलेलं.
परत टांगलं.

खाली पिशवीत आख्खा सेट, तीनशे नव्वद.
काठी, रीळ, गळ, तंगूस, वर रबरी मासा फुकट.
काठी वाकवली. सांध्यात कुरकुरली.
"पोरांच्या बड्डेला चालतंय," दस्तगीर म्हणाला,
"मासा काय बड्डेला येत नसतोय."

मग आवाज बारीक करून,
जसं काही भिंतीवरचं रीळ ऐकेल:
"असं करा अक्का.
जे पाण्यात जातंय त्याला पैसे घाला.
जे हातात ऱ्हातंय ते घरचं चालतंय."

थर्माकोलात टोचलेले गळ काढले.
एक माझ्या नखावर टेकवून ओढला. घसरला.
दुसरा ओढला,
तो नखातच अडकून बसला, हलायला तयार नाही.
हे. दहा द्या.

तंगूस मात्र त्याला बोलू दिला नाही.
दोन बोटांत धरला, हातभर ओढला,
मग ओठांमधून.
पंधरा वर्षं कांड्या भरायलोय आम्ही बायका,
धाग्यातली गाठ झोपेतसुद्धा लागते.
तिसऱ्या हातावर खरखर.
"हा शोकेसात किती दिवस उन्हात होता?"
"दोन उन्हाळे," म्हणाला, आणि हसला,
आणि गल्ल्याखालच्या अंधारातून दुसरा काढला.

तेवढ्यात बैलहोंगलकडचा एक म्हातारा आला,
"गाळ एष्टु?"
आमच्यात गाळ म्हणजे तळाचा चिखल.
त्याच्यात गाळ म्हणजे माझ्या नखात अडकलेला हा.
एका कान्याचा फरक,
त्यावर किती बंद, किती मोर्चे.
मी त्याला काही बोलले नाही,
त्याच्या नखावर दोन्ही गळ ओढून दाखवले.
"हौदू हौदू," तो म्हणाला, आणि दुसरे घेतले.

गळ एकशे चाळीस, तंगूस दोनशे दहा,
दोन पितळी भोवरे चाळीस.
"वीस कमी करा की."
"कमी करायचं तर ते सोळाशेचं मागा,
ह्यातनं मी कुठनं काढू?"
शिसं विकलंच नाही त्यानं.
म्हणाला, पंक्चरवाल्याकडं जावा,
चाकाचे तुकडे पडलेले असतात, चहाला सांगा, देईल.

बूच जुन्या स्लीपरचं कापलं.
काठी शेजारच्या बारशाच्या मांडवातली.

रविवारी कंग्राळीपर्यंत बस,
बायकांचं शून्याचं तिकीट,
कंडक्टरनं काठीकडं बघितलं, काठीचं तिकीट असतं का ते त्यालाही माहीत नव्हतं.
पुढं मार्कंडेयचा काठ.
दुपारपर्यंत दोन चिलाप्या, वितीएवढ्या.
एका बगळ्यानं मला ओळख दिली नाही.

चारच्या सुमाराला बूच बुडालं ते वर आलंच नाही.
बांबू कांड्यावर उभा चिरला.
काठी सोडली.
तंगूस सोडला नाही.
हातावर हात, हातावर हात,
जसं गुंतलेलं सूत सोडवतात, न ओरडता.

काय होतं ते विचारू नका.
बोटावरची ही रेघ बघा, अजून गेली नाही.
येत्या शनिवारी दस्तगीरला दाखवणार आहे,
आणि विचारणार आहे,
हात पाण्यात गेलेला कुठल्या हिशेबात धरायचा.