वाइंडिंग

जुलैत आमच्याकडं चहाच्या आधी विचारतात :
किती फूट?
राजाराम बंधाऱ्याची पट्टी रोज जाऊन कोण बघतंय,
पण आकडा सगळ्यांना पाठ,
घरातल्या पोराच्या तापासारखा.

हे पाणी मात्र नदीचं नव्हतं.
तासाभराचा पाऊस, बस्स.
गटारीच्या तोंडात कुणाची तरी गादी अडकलेली,
आणि जयंती नाल्याकडं उतरणारा ओढा,
माझ्या खरेदीखताच्या पाचव्या पानावर
‘पूर्वेस ओढा’ असा स्वच्छ लिहिलेला,
जागेवर नव्हता.
तिथं लग्नाचा हॉल आहे.
तीनदा जेवलोय मी तिथं. पांढरा रस्सा बरा असतो.

पाणी ओसरलं की माझा सीझन.
चिखलानं माखलेल्या मोटरी येऊन पडतात दारात,
बोअरच्या, गिरणीच्या, कुणाच्या वॉशिंग मशीनची,
तांब्याला गटारीचा वास.
जळकी कॉइल कापायची, नवी भरायची,
वार्निश पाजून भट्टीत वाळवायची.
खरं सांगायचं तर
ढग दाटले की मी तांब्याचा भाव विचारून ठेवतो.

काल तायव्वाची मोटर आली.
तिच्या मिरची कांडपाची, हातगाड्यावर,
मागनं नातू ढकलतोय.
उघडली तर आत लाल गाळ :
बेडगी, लवंगी, धणे,
आणि नाल्यातलं जे काय असेल ते.
डोळे चुरचुरले माझे. मिरचीनं.

“पंचवीस वर्षं उंबऱ्याला शिवून माघारी जायचं,”
तायव्वा म्हणाली,
“औंदा आत आलं. वाट चुकलं का काय पाणी?”

मी स्क्रू मोजत बसलो.

मार्चमध्ये गाळा उंच करून घेतला मी.
चार ट्रॉल्या मुरूम, वर कोबा,
पुढं रस्त्यापर्यंत रॅम्प.
यंदा माझी फरशी कोरडी.
एक फडकंसुद्धा पिळावं लागलं नाही.

नवं वाइंडिंग भरलं, बेअरिंग बदललं.
म्हटलं, राहू देत पैसे.
“का रं? फुकट कशाला?”
कमरेची पिशवी सोडून
एकमेकींना चिकटलेल्या ओल्या नोटा
तिनं नखानं सुट्या केल्या,
मोजल्या, पुन्हा मोजल्या,
माझ्या टेबलावर पंख्याखाली पसरून ठेवल्या.

मग भिंतीला धरून
रॅम्प उतरायला लागली.
मी म्हटलं, मावशी, जपून. उतार आहे.

“ठावं हाय,” ती म्हणाली.