अनोळखी उपकरण

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पुन्हा ती चौकट,
निळी, सभ्य, विमा एजंटासारखी खाकरत:
येत्या ऑक्टोबरनंतर या प्रणालीला आधार मिळणार नाही.
आधार! शब्द तरी बघा.
बावीस वर्षं मी पायसान्दू गावात
लोकांच्या कानांत यंत्रं बसवते.
माझा आधार कधी संपणार
हे मला कुणी इतकं आधी कळवलेलं नाही.

मी दाबते: नंतर आठवण करा.

भाचा फाकुंदो मोन्तेविदेओहून फोनवर ओरडतो,
"मावशी, अर्ध्या तासाचं काम. टाकून दे नवीन.
जुनं म्हणजे दाराला कडी नाही, कुणीही आत शिरेल."
शिरू दे. नेईल काय?
बासिलिओ ओल्मेदोच्या डाव्या कानाचा आलेख?
चार हजार हर्ट्झपाशी रेघ एकदम खाली कोसळते,
एकतीस वर्षं तो मांस-कारखान्यात करवतीजवळ उभा होता.
चोराला फार तर एवढं कळेल
की या माणसाला पाखरं ऐकू येत नाहीत.

अडचण केबलची आहे.
करडी, नऊ पिनांची, मानेला चिकटपट्टी.
तिच्यातूनच मी अकरा जणांच्या जुन्या यंत्रांशी बोलते.
उसन्या लॅपटॉपवर नव्या प्रणालीला ती जोडून पाहिली.
"अनोळखी उपकरण," ती म्हणाली,
आमंत्रण नसताना आलेल्या
लांबच्या काकाकडे बघावं तसं.

नवी यंत्रं घ्या म्हणणं सोपं.
दोन्या एल्विराची सात महिन्यांची पेन्शन,
आणि सात महिने ती खाणार काय, माझा सल्ला?

नंतर आठवण करा.
नंतर.
नंतर.

मे महिन्यात बासिलिओ गेला.
दफनाहून आले, बुटांची माती काढली,
त्याची फाइल बंद केली
आणि मनात आकडा उमटला: दहा.
मोठ्याने नाही म्हणाले. पण माझा धंदाच ऐकण्याचा,
मला ऐकू आलं.

बदलू की नको, असा विचार मी करतच नव्हते तर.
मी मोजत होते.
दहा, मग नऊ, मग केव्हातरी
तो लंगडा, हट्टी रोके शेवटचा,
आणि मग अर्ध्या तासाचं काम.

त्या रात्री माते उकळून उकळून कडू झाला
तरी मी पीत बसले.
खाली नदी चढत होती. तिला कुणाची परवानगी लागत नाही.

सकाळी गुरांच्या डॉक्टरकडे गेले. दवाखाना बंद करतोय.
त्याच्याकडे माझ्यासारखाच संगणक, त्याच वर्षाचा,
आत चार हजार गाईंच्या लसींच्या नोंदी.
आठशे पेसोंना दिला.
वर मांजराचा एक पिंजरा फुकट. नको म्हटलं तरी.
"याचं काय करणार?" त्याने विचारलं.
"सुटे भाग," मी म्हणाले.
तो हसला. "आपणही तेच."

आता पुढच्या टेबलावर नवी प्रणाली आहे:
बिलं, भेटीच्या वेळा, फाकुंदोचं समाधान.
खरं सांगते, छान आहे. पटकन उठते,
अक्षरं मोठी होतात, माझ्याही डोळ्यांचं वय झालंय.
जुना मागच्या खोलीत.
त्याची इंटरनेटची वायर नुसती काढून ठेवता आली असती.
मी कात्रीने कापली.

गुरुवारी दोन्या एल्विरा आली.
केबल जोडली, वरचे सूर दोन पायऱ्या चढवले.
तिने मान वर केली,
खोलीभर नजर फिरवली, कपाटावर, दिव्यावर, माझ्यावर.
"ही घरघर कसली?"
"संगणकाचा पंखा."
"कधीपासून?"
"पंधरा वर्षं तरी."
"आणि तू हे सहन करतेस?
तेल घाल त्याला, बाई. शिवाय तो तुझा फ्रीज,
आणि बाहेर कोण एवढं खोकतंय,
आणि तुझ्या गुडघ्यातून..."

मी एक पायरी खाली आणली.