मंगळवार

पत्र फिनलंडहून आलंय, साराचं आणि लाउरीचं.
लग्न एप्रिलात, बर्फ वितळला की निघणार.
दहा दिवस. विलांकुलोतली सगळ्यात महाग खोली,
दारातच समुद्र, पलंगाला पांढरी जाळी,
आणि खाली, जाड अक्षरांत:
आम्हाला काहीही करायचं नाहीये.

वाटतं तेवढं सोपं नसतं ते.
काही करायचं नसलं की फार तयारी लागते.
जाळ्या तीन दिवस आधी धुवायला टाकायच्या,
नारळ फोडणारा हवा, पण त्याचा आवाज नको,
आणि पहाटे वाळूवर दाताळं फिरवणारा आणखी एक,
म्हणजे त्यांना वाटावं
आपल्याआधी इथं कुणी आलंच नव्हतं.

'दारातच समुद्र' हे मी जपून लिहिते.
आमचा समुद्र दारात बसून राहणाऱ्यातला नाही.
अकराच्या सुमाराला उठतो, निघतो पार क्षितिजाकडं,
होड्या कुशीवर पडून राहतात,
बायका टोपल्या घेऊन शिंपल्यांमागं जातात.
माझी आई असते त्यांच्यात, कमरेत वाकलेली.
पाहुणे तिचे फोटो काढतात, लांबून.
पाचला परत येतो तो.
दुसऱ्या दिवशी सगळंच पाऊण तास उशिरा.
हे वेळापत्रक छापून मी प्रत्येक टेबलावर ठेवते,
तरी दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच:
पैसे भरलेत आम्ही, समुद्र कुठाय?

सोमवार: विमानतळ, थंड टॉवेल, भाजलेले काजू.
बुधवार: आमादेच्या शिडाच्या होडीतून बेटावर,
नशीब असलं तर डुगाँग दिसेल.
(नशिबाचे पैसे आम्ही लावत नाही.)
गुरुवारी मालिश. शुक्रवारी खेकडा, मेणबत्त्या, वारा नसला तर.
मंगळवार मी रिकामा सोडला.

संगणक ऐकेना. लाल चौकट: ही जागा भरा.
मी लिहिलं, काही नाही.
परत लाल. मजकूर फार लहान आहे.

ऑफिसात मी एकटीच होते. पंखा, मी आणि पाल.
मग लिहीत गेले:

उशिरा उठा. कोंबडा आरवला तर आरवू दे,
त्याला तुमच्या लग्नाचं कुणी सांगितलेलं नाही.
चहा एकाच पेल्यातून प्या.
एकच कापुलाना दोघांत पांघरा, पुरतं ते, मी बघितलंय.
भांडायचं असेल तर ओहोटीतच भांडून घ्या,
ऐकायला जवळपास कुणी नसतं.
दुपारी मातापा खा, हातानं, बोटं चाटत.
संध्याकाळी पाय पाण्यात सोडा
आणि लहानपणी घरात काय म्हणायचे ते एकमेकांना विचारा.
आज कुणाचीही बस पहाटे चारला नाही.

शेवटची ओळ मी खोडली. मग राहू दिली.

आमचं लग्न गुरुवारी झालं होतं, डिसेंबरात.
शनिवारी पहाटे आर्तुर खाणीवर गेला, रुस्टेनबर्गला.
मधला शुक्रवार आम्ही दोघांनी
उसनी आणलेली पातेली घरोघर परत करण्यात घालवला.
एक पातेलं कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.
त्यातच भात शिजतो अजून.

उत्तर दोन दिवसांत आलं.
बेट नको म्हणाले. मालिश नको, खेकडाही नको.
दहाही दिवस मंगळवार देता येतील का?
जास्तीचे पैसे द्यायची तयारी आहे.

दरपत्रक वरपासून खालपर्यंत बघितलं.
दोना ग्रासाला विचारलं, तिनं चष्मा वर केला:
मालिशपेक्षा थोडा जास्त लाव.

रात्री फोन आला तेव्हा मी आर्तुरला म्हणाले,
यंदा किती दिवस?
नऊ, म्हणाला. मागं कुणीतरी खोकत होतं.

भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवून बघितलं मी.
नवात मंगळवार एकच येतो.
त्या दिवशी पाणी
दुपारी तीनला दारात असेल.